पिकअपचे कमानपाटे, स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलायचे आहेत. सुरुवात कोठून करावी?

प्रश्न

माझ्याकडे दुहेरी केबिनचा, चारही चाकांना शक्ती देता येणारा पिकअप आहे. पुढे डबल विशबोन रचना (प्रत्येक चाक धरणारे वर-खाली असे दोन आर्म) असून कॉइल स्प्रिंगच्या पोटातच शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवलेला आहे. मागे अखंड अ‍ॅक्सल आणि कमानपाटे (एकावर एक रचलेल्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) आहेत. गाडीचा बहुतेक वापर कच्च्या वाटांवर, नदीपात्रातील गोट्यांवर आणि वळ्यावळ्यांच्या, म्हणजे पन्हळी पत्र्यासारख्या, मुरुमी रस्त्यांवर होतो. पुढे पोलादी बंपर आणि विंच कायम बसवलेले आहेत. मागे हौद्यावर टप, सामानाच्या खणांची पेटी आणि पाण्याची टाकी असून यांपैकी काहीही काढून ठेवले जात नाही. लांबच्या प्रवासाला निघताना त्यात पाणी, इंधन, सामान आणि माणसे यांची भर पडते.

अलीकडे तीन गोष्टी जाणवू लागल्या आहेत. प्रवासाचे सामान भरले की मागचा भाग स्पष्टपणे खाली बसतो आणि हेडलाइटचा झोत वर जातो. आडव्या चरांवरून जाताना मागचे बंपस्टॉप (चाकाची वरची हालचाल थांबवणारे रबरी ठोकळे) दणकन लागतात. आणि वळ्यांच्या रस्त्यावर बराच वेळ गाडी चालवल्यानंतर मागचा भाग वळणावर बाजूला सरकू लागतो, जे सुरुवातीच्या काही किलोमीटरमध्ये होत नाही. मागच्या डाव्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या नळीवर तेलाचा ओलसर थर असून त्यावर धूळ चिकटलेली दिसते.

मला मिळालेले सल्ले परस्परविरोधी आहेत. एका मतानुसार केवळ चारही शॉक अ‍ॅब्सॉर्बर उत्तम प्रतीचे घातले की काम भागेल. दुसऱ्या मतानुसार मागे एक जादा पाटा घालून पुढे स्पेसर (उंची वाढवणारी जाड चकती) बसवावा, म्हणजे गाडी ५० मिलिमीटर उंच होईल आणि सर्व प्रश्न सुटतील. तिसरे मत मागे पाट्यांना आधार म्हणून हवेच्या पिशव्या बसवण्याचे आहे. यांपैकी काय आधी करावे, काय अजिबात करू नये, आणि यातील कोणते काम घरच्या हत्यारांनी सुरक्षितपणे करता येते, हे जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

पहिले उत्तर

आपण वर्णन केलेल्या तीन लक्षणांची कारणे वेगवेगळी आहेत, आणि ती एकत्र मोजल्यामुळेच सल्ल्यांत एवढा विरोध दिसतो. गाडीचे वजन पेलण्याचे काम स्प्रिंगचे आहे. शॉक अ‍ॅब्सॉर्बर वजन पेलत नाही; स्प्रिंग दबल्यानंतर आणि उसळल्यानंतर तिची हालचाल आवरून धरणे एवढेच त्याचे काम आहे. मागचा भाग बसतो, हा स्प्रिंगचा प्रश्न आहे. वळ्यांच्या रस्त्यावर काही वेळाने पकड सुटते, हा शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा प्रश्न आहे. बंपस्टॉप लागणे हा दोहोंचा मिळून झालेला परिणाम आहे, कारण मागचा भाग आधीच खाली बसल्यामुळे अ‍ॅक्सलला वर जायला जागा कमी उरते आणि उरलेल्या जागेत थकलेला शॉक अ‍ॅब्सॉर्बर पुरेसा विरोध करू शकत नाही.

त्यामुळे क्रम असा असावा: आधी वजन, मग त्या वजनाला साजेशी स्प्रिंग, आणि त्या स्प्रिंगला साजेसा शॉक अ‍ॅब्सॉर्बर. उंची किती वाढवायची, हा प्रश्न या तिन्हींनंतर येतो. अनेक जण उंचीपासून सुरुवात करतात आणि मग गाडीच्या वजनाशी काहीही संबंध नसलेली स्प्रिंग गळ्यात पडते.

आपण वजनकाट्यावर जाऊन पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचे वजन स्वतंत्रपणे घ्यावे, आणि ते दोनदा घ्यावे: एकदा रोजच्या स्थितीत आणि एकदा प्रवासाचे सर्व सामान व माणसे यांसह. दोन्ही वेळा प्रत्येक चाकाच्या हबच्या मध्यापासून थेट वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. जमिनीपासून मोजू नये, कारण टायरमधील हवा आणि टायरची झीज त्या मापात मिसळते. मोजण्यापूर्वी गाडी थोडी पुढेमागे करावी आणि मागचा भाग दोन्ही हातांनी दाबून हलवून सोडावा. पाट्यांमधील घर्षणामुळे ती कधी थोडी वर, तर कधी थोडी खाली अडकून राहते आणि माप फसवे येते.

ही मापे येथे दिलीत तर पुढचे बोलणे अंदाजावर राहणार नाही.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर

सूचनेबद्दल आभार. मापे घेतली. रोजच्या स्थितीत पुढच्या अ‍ॅक्सलवर १,२७० किलोग्रॅम आणि मागच्या अ‍ॅक्सलवर १,०९० किलोग्रॅम वजन आहे. प्रवासाच्या स्थितीत पुढे १,३१० आणि मागे १,४४० किलोग्रॅम भरले, म्हणजे एकूण २,७५० किलोग्रॅम. उत्पादकाने गाडीवरील पट्टीवर दिलेली एकूण वजनाची कमाल मर्यादा ३,०५० किलोग्रॅम आहे. मागे हबपासून मडगार्डपर्यंतचे अंतर रोजच्या स्थितीत सरासरी ५२० मिलिमीटर आणि प्रवासाच्या स्थितीत ४७८ मिलिमीटर आले. पुढच्या मापात फारसा फरक पडत नाही. पुस्तिकेनुसार मूळ गाडीचे वजन पुढे १,१५० आणि मागे ८५० किलोग्रॅम आहे.

पहिल्या उत्तराच्या लेखकाकडून

या आकड्यांवरून आपल्या सध्याच्या कमानपाट्यांचा कडकपणा थेट काढता येतो. दोन स्थितींमध्ये मागच्या अ‍ॅक्सलवर ३५० किलोग्रॅमचा फरक आहे, म्हणजे प्रत्येक बाजूला १७५ किलोग्रॅम, बलाच्या भाषेत सुमारे १,७२० न्यूटन. त्यासाठी पाटे ४२ मिलिमीटर दबले. म्हणजे कडकपणा सुमारे ४१ न्यूटन प्रति मिलिमीटर झाला. हलक्या वापरासाठी तो चांगला आहे, पण आपल्या गाडीत मागे कायमस्वरूपी २४० किलोग्रॅमची भर पडलेली आहे, आणि तेवढ्यानेच या पाट्यांची सुमारे २९ मिलिमीटर चाल रोज खर्च होऊन जाते. प्रवासात आणखी ४२ मिलिमीटर जातात. बंपस्टॉप का लागतात, याचे उत्तर या ७१ मिलिमीटरमध्ये आहे.

आता निवड. स्प्रिंग विकणारे बहुधा कायमस्वरूपी भाराचे टप्पे देतात: भार नसलेली गाडी, मध्यम कायम भार, मोठा कायम भार. येथे 'कायम' या शब्दाकडे लक्ष द्यावे. आपला कायम भार २४० आहे. प्रवासात तो ५९० (२४० अधिक ३५०) होतो, पण तो अधूनमधूनच. ५९० पाहून सर्वांत जड पाटे घेतले, तर रोजच्या स्थितीत गाडी प्रत्येक दगडावर उडेल आणि मागची चाके जमिनीला नीट चिकटणार नाहीत. एक हिशेब करून पाहा. अ‍ॅक्सल, चाके वगैरे स्प्रिंगखालचे वजन सुमारे २०० किलोग्रॅम धरले, तर रोजच्या स्थितीत प्रत्येक मागच्या बाजूला ४४५ आणि प्रवासात ६२० किलोग्रॅम स्प्रिंगवर असते. सध्याच्या पाट्यांवर ही गाडी रोजच्या स्थितीत सेकंदाला सुमारे १.५ वेळा आणि प्रवासात सुमारे १.३ वेळा झोके घेते. कडकपणा ५५ न्यूटन प्रति मिलिमीटर केला, तर प्रवासातला झोक्यांचा आकडा १.५ होतो, म्हणजे भरलेली गाडी आज रिकामी जशी चालते तशी चालू लागेल. रोजच्या स्थितीत तो १.८ च्या जवळ जाईल, जो थोडा कडक असला तरी सहन होण्याजोगा आहे. ८० न्यूटन प्रति मिलिमीटरचे पाटे घेतले, तर रोजच्या स्थितीत हा आकडा २ च्या पुढे जातो. तो माझ्या मते आपल्या वापरासाठी अयोग्य आहे.

म्हणून मी ५५ च्या आसपासचा पाटासंच सुचवेन, ज्याची कमान २४० किलोग्रॅम कायम भार गृहीत धरून दिलेली असेल. पाट्यांची संख्या मोजून कडकपणा ठरवू नये. पाट्याचा कडकपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे थोडा जाड असलेला एकच पाटा दोन पातळ पाट्यांना भारी पडतो. थकलेल्या संचात एक जादा पाटा घालण्याचा सल्लाही मला पटत नाही. जुन्या पाट्यांची कमान उतरलेली असते, नव्याची ताठ असते. मग भार सारखा वाटला जात नाही आणि तुटतो तो बहुधा मुख्य पाटा. मुख्य पाटा तुटला की अ‍ॅक्सल जागेवर धरणारेच काही उरत नाही, म्हणून नवा संच घेताना दुसऱ्या पाट्याचे टोक मुख्य पाट्याच्या डोळ्याभोवती (बोल्टसाठी टोकाशी असलेल्या वेटोळ्याभोवती) वळवलेले आहे का, हे अवश्य पाहावे.

हवेच्या पिशव्यांविषयी थोडक्यात. त्या स्वतः वाईट नाहीत. अधूनमधून येणाऱ्या भारासाठी त्या उपयोगी पडतात. परंतु कमानपाटा चॅसीला दोन टोकांवर भार देतो, तर पिशवी तोच भार मधल्या एका बिंदूवर देते. अ‍ॅक्सलच्या बऱ्याच मागे जड सामान किंवा ट्रेलरचे ओझे असेल आणि रस्ता खडबडीत असेल, तर दुहेरी केबिनच्या पिकअपची चॅसी त्याच बिंदूपाशी वाकल्याची उदाहरणे आहेत. थकलेल्या पाट्यांचे काम पिशव्यांवर टाकू नये.

पुढचा भाग वेगळ्या रीतीने मोजावा लागतो, कारण तेथे स्प्रिंग चाकावर थेट बसलेली नसून खालच्या आर्मवर आतल्या बाजूला बसलेली असते. चाक १० मिलिमीटर वर गेले, तर स्प्रिंग समजा ६ मिलिमीटर दबते. हे ०.६ चे गुणोत्तर धरले, तर चाकाशी जाणवणारा कडकपणा स्प्रिंगच्या कडकपणाच्या ०.३६ पटच असतो: १०० न्यूटन प्रति मिलिमीटरची स्प्रिंग चाकाशी केवळ ३६ ची वाटते. आपला बंपर आणि विंच यांनी पुढे १२० किलोग्रॅमची भर घातली आहे. तेवढ्याने अशी गाडी सुमारे १६ मिलिमीटर बसते. म्हणजे बंपरचा भार गृहीत धरलेली मध्यम स्प्रिंग पुढे पुरेशी आहे.

त्याच गुणोत्तरामुळे स्पेसरचाही घोळ होतो. स्ट्रटच्या (पुढची स्प्रिंग आणि तिच्या पोटातील शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांच्या एकत्र जोडणीच्या) माथ्यावर २५ मिलिमीटरचा स्पेसर ठेवला, तर चाकाशी उंची ४० मिलिमीटरहून अधिक वाढते, आणि चाक पूर्ण खाली लटकल्यावर आर्मही तेवढाच जास्त खाली जातो. त्या स्थितीत बॉल जॉइंट आणि ड्राइव्ह शाफ्टचे सांधे आपल्या मर्यादेपलीकडे वाकतात, आणि वरचा आर्म स्प्रिंगला घासू शकतो. शिवाय थकलेली स्प्रिंग थकलेलीच राहते. योग्य स्प्रिंग घातल्याने जी ४०-५० मिलिमीटर उंची मिळेल, ती घ्यावी आणि तेथेच थांबावे.

दुसरे उत्तर

वरील विवेचन मला पूर्णपणे मान्य आहे. मी फक्त शॉक अ‍ॅब्सॉर्बरविषयी लिहितो, कारण 'उत्तम प्रतीचे चार घाला' या सल्ल्यात अर्धेच सत्य आहे.

शॉक अ‍ॅब्सॉर्बर हालचालीच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतो. दट्ट्या तेलातून जातो, तेल बारीक छिद्रांतून आणि पातळ चकत्यांच्या झडपांतून ढकलले जाते आणि तापते. वळ्यांच्या रस्त्यावर हे सेकंदाला अनेकदा आणि न थांबता घडते. तेल तापून पातळ होते, आणि साध्या दुहेरी नळीच्या रचनेत वरची हवा तेलात मिसळून फेस होतो. फेस दट्ट्याला विरोध करीत नाही. आपल्या गाडीचा मागचा भाग सुरुवातीला ठीक असतो आणि नंतर सरकू लागतो, याचे कारण हेच असावे. खात्री करून घ्यायची असेल, तर अशा रस्त्यावरून आल्याबरोबर दोन्ही मागच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजावे. हात लावू नये, भाजण्याइतके ते तापलेले असू शकतात. एक बाजू तापलेली आणि दुसरी जवळजवळ थंड असेल, तर थंड असलेला कामच करीत नाही. आपल्याकडे तेलाचा ओलावा डाव्या बाजूला आहे, तेव्हा तोच थंड निघेल, असा माझा अंदाज आहे. पण बदलताना जोडीच बदलावी.

एकाच नळीच्या, नायट्रोजन भरलेल्या रचनेत तेल आणि वायू यांच्यामध्ये एक तरंगता दट्ट्या असतो, त्यामुळे फेस होत नाही, आणि तेलाची नळी थेट वाऱ्यात असल्याने उष्णताही लवकर बाहेर पडते. ही रचना १९५० च्या दशकात फ्रेंच अभियंता क्रिस्तियान बूर्सिए द कारबाँ यांनी प्रत्यक्षात आणली. तिचा एक दोष मात्र खडकाळ वापरात लक्षात ठेवण्याजोगा आहे. बाहेरची नळी हीच सिलिंडरची भिंत असल्याने दगडाचा खोलगट पोचा पडला, की दट्ट्या तेथे अडकतो. दुहेरी नळीच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरला तसाच पोचा पडला, तर तो बहुधा चालत राहतो. त्यामुळे मागे एकनळी घेतलात, तर दगडाचा मारा अडवणारे आवरण असलेला घ्यावा. जाड दुहेरी नळी, मोठा तेलसाठा आणि हवेऐवजी फोमची पेशी असलेला प्रकारही आपल्यासारख्या वापराला चांगला आहे. बाहेर वेगळी टाकी असलेला प्रकार तेलाची आणि वायूची जागा वाढवतो. परंतु वेगाने आणि तासन्‌तास वळ्यांवर चालवणार नसाल, तर त्याची गरज नाही.

गॅसच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरने गाडी उंच होते, असेही ऐकू येते. १८ मिलिमीटर जाडीच्या दांड्यावर १५ बार दाबाचे बल सुमारे ३८० न्यूटन भरते, म्हणजे ४० किलोग्रॅमच्याही आतले वजन. त्याने उंचीत पडणारा फरक किरकोळ आहे.

आता स्प्रिंगशी जुळणी, जो माझ्या दृष्टीने मुख्य मुद्दा आहे. कडक स्प्रिंग अधिक ऊर्जा साठवते आणि परतताना ती सोडते, तेव्हा परतीच्या दिशेचा विरोध वाढवावा लागतो. वर दिलेल्या आकड्यांवरच हिशेब केला, तर आजची रोजची स्थिती आणि ५५ च्या पाट्यांवर भरलेली गाडी यांची तुलना करता, तेवढाच आवर मिळवण्यासाठी शॉक अ‍ॅब्सॉर्बरने सुमारे एक-तृतीयांश अधिक बल द्यायला हवे. नवे पाटे आणि जुन्या मापाचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर ही जोडी म्हणूनच वाईट ठरते: चढ ओलांडला, की मागचा भाग झटक्यात वर येतो आणि आणखी एकदोनदा डोलतो.

उलट बाजूही आहे. परतीचा विरोध गरजेपेक्षा जास्त असेल, तर वळ्यांवर चाक खाली येण्याआधीच पुढची वळी येते. चाक प्रत्येक वळीनिशी थोडे वरच राहते, मागचा भाग हळूहळू दबत जातो आणि शेवटी बंपस्टॉपवर चालू लागतो. बाहेरून पाहता हे मऊ स्प्रिंगसारखे दिसते आणि लोक आणखी कडक स्प्रिंग घेतात. म्हणून स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकाच उत्पादकाच्या, एकमेकांसाठी जुळवलेल्या संचातून घ्यावेत, किंवा झडपा बदलून मिळणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर घेऊन आपली वजने त्यांना कळवावीत.

लांबी हा दुसरा मुद्दा. अ‍ॅक्सल जॅकने वर उचलून बंपस्टॉप पूर्ण दाबला जाईपर्यंत न्यावा आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या वरच्या व खालच्या बोल्टमधील अंतर मोजावे. नव्याची पूर्ण मिटलेली लांबी त्याहून कमी असली पाहिजे, आणि तीही थोडी मोकळीक ठेवून. शॉक अ‍ॅब्सॉर्बर आधी मिटला आणि बंपस्टॉप नंतर लागला, तर प्रत्येक दणका झडपांवर आणि वरच्या कंसावर बसतो. तसेच अ‍ॅक्सल पूर्ण लटकवून मोठी लांबी तपासावी.

तिसरे उत्तर

मी अशी कामे नेहमी करतो, म्हणून घरी काय करावे आणि काय करू नये, यापुरते लिहितो.

मागचे काम जागा, दोन जॅक, मजबूत स्टँड आणि टॉर्क पाना असेल तर घरी होते. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडसर लावून गाडी चॅसीवर स्टँडला टेकवावी आणि अ‍ॅक्सल वेगळ्या जॅकवर धरावा. अ‍ॅक्सल खाली सोडताना ब्रेकचा होज, एबीएसची तार आणि डिफरन्शियलमध्ये हवा जाऊ-येऊ देणारी नळी ताणली जात नाही, हे प्रत्येक टप्प्यावर पाहावे. ब्रेकच्या होजवर अ‍ॅक्सल लटकता कामा नये, एवढा एकच नियम पाळला तरी निम्मे अपघात टळतात. पाट्यांच्या मधल्या बोल्टचे डोके अ‍ॅक्सलच्या पाटावरील भोकात पूर्ण बसले आहे, हे बोटाने चाचपून पाहावे. ते अर्धवट बसले आणि यू-बोल्ट (पाटे अ‍ॅक्सलला बांधणारे इंग्रजी यू आकाराचे बोल्ट) आवळले गेले, तर अ‍ॅक्सल तिरका राहतो आणि गाडी रस्त्यावर एका अंगाने चालते.

यू-बोल्ट नवेच घ्यावेत. आवळताना ते ताणले जातात आणि त्या ताणावरच पकड टिकते; एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तेवढीच पकड देईल, याचा भरवसा नाही. नट तिरप्या क्रमाने, तीन-चार टप्प्यांत, पुस्तिकेतील टॉर्कपर्यंत आवळावेत.

सर्वाधिक दुर्लक्षित होणारी गोष्ट म्हणजे रबरी बुश. पाट्यांच्या डोळ्यांतील, शॅकलमधील (पाट्याचे एक टोक चॅसीला जोडणाऱ्या हलत्या दुव्यातील), पुढच्या खालच्या आर्ममधील आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या डोळ्यांतील बोल्ट गाडी हवेत असताना फक्त हाताने लावावेत आणि चाके जमिनीवर येऊन वजन बसल्यावरच शेवटचे आवळावेत. रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेले असते. लटकलेल्या स्थितीत आवळले, तर गाडी खाली येताच ते पिळले जाते आणि कायम पिळलेलेच राहते. त्यामुळे उंची काही मिलिमीटर जास्त भासते आणि रबर लवकर फाटते. नवीन संचानंतर काही महिन्यांत बुश गेले, अशी तक्रार घेऊन आलेल्या गाड्यांत मला हे कारण वारंवार आढळते.

पुढचा स्ट्रट सोडवून बाहेर काढणे आणि परत बसवणे घरी जमते. त्यातील स्प्रिंग काढणे मात्र घरी करू नये, असे मी कळकळीने सांगेन. १०० न्यूटन प्रति मिलिमीटरची स्प्रिंग १०० मिलिमीटर दाबलेली असताना तिच्यात १०,००० न्यूटन बल आणि ५०० जूल ऊर्जा असते; ५० किलोग्रॅमचे वजन एक मीटरवरून पडावे, तेवढी ही ऊर्जा आहे, आणि ती आपल्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असते. स्प्रिंग दाबण्याचे दोन हुकांचे हातातील कॉम्प्रेसर जाड स्प्रिंगवर घसरतात. भिंतीला किंवा पायाला पक्के बसवलेले प्रेस ज्या कार्यशाळेत आहे, तेथे सुटे स्ट्रट घेऊन जावेत. तेथे स्वतः उभे राहून दोन गोष्टी पाहाव्यात: वरचा नट स्प्रिंग पूर्ण दाबली जाऊन सैल झाल्याशिवाय उघडला जाऊ नये, आणि माथ्यावरच्या प्लेटचे बोल्ट व खालचा डोळा यांचा परस्परांशी असलेला कोन जुन्यासारखाच राहावा. काढण्यापूर्वी खडूने खूण केलेली असावी. डाव्या आणि उजव्या स्प्रिंगवर वेगळे क्रमांक असतील, तर त्यांची अदलाबदल करू नये; चालक, इंधनाची टाकी आणि बॅटरी यांचा भार सारखा नसल्यामुळे काही संचांत दोन्ही बाजूंची लांबी मुद्दाम वेगळी ठेवलेली असते.

चौथे उत्तर

वरच्या उत्तरांत एक महत्त्वाची गोष्ट राहिली आहे. आपल्या गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलपासून चॅसीवरील एका झडपेकडे जाणारी दांडी आहे का, हे आधी पाहावे. अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार कमीजास्त करणारी झडप असते, आणि भार किती आहे हे तिला चॅसी व अ‍ॅक्सल यांमधील अंतरावरून कळते. आपण मागचा भाग ४०-५० मिलिमीटर वर नेला, की त्या झडपेला गाडी कायम रिकामी वाटते आणि भरलेल्या गाडीतही मागचे ब्रेक अपुरे लागतात. तोल पुढच्या ब्रेकवर येतो, थांबण्याचे अंतर वाढते, आणि चालकाला कारण समजत नाही. त्या दांडीची लांबी किंवा तिचा कंस नव्या उंचीनुसार पुस्तिकेतील मापाप्रमाणे जुळवून घ्यावा. इलेक्ट्रॉनिक ब्रेक वितरण असलेल्या गाड्यांत ही दांडी बहुधा नसते, तेव्हा शोधूनही ती सापडली नाही, तर काळजीचे कारण नाही.

चाकांची जुळणी त्याच दिवशी करून घ्यावी. पुढे उंची वाढली, की कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कललेला कोन) कमी होतो, म्हणजे वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होण्याची ओढ मंदावते आणि वेगात गाडी सैल वाटते. टो (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) हासुद्धा बदलतो आणि तो तसाच राहिला, तर टायरच्या कडा झिजतात. खालच्या आर्मच्या समायोजनात कॅस्टर पुस्तिकेच्या मर्यादेत येत नसेल, तरच बदललेल्या कोनाचे वरचे आर्म घ्यावेत. आधीच घेऊन ठेवू नयेत. नवी स्प्रिंग आणि पाटे सुरुवातीच्या वापरात थोडे बसतात, म्हणून हजारेक किलोमीटरनंतर उंची पुन्हा मोजून जुळणी पुन्हा तपासावी. यू-बोल्ट त्याआधी, पहिल्या ५०० किलोमीटरच्या आतच, एकदा टॉर्क पान्याने पाहावेत.

निघताना पहिल्या गिअरमध्ये गाडीच्या तळातून थरथर जाणवली, तर ती प्रॉपेलर शाफ्टची (इंजिनाची शक्ती मागे नेणाऱ्या दांड्याची) असू शकते. दोन तुकड्यांच्या शाफ्टला मध्ये बेअरिंग असते आणि मागचा भाग वर गेल्याने सांध्यांचे कोन बिघडतात. त्या बेअरिंगचा कंस थोडा खाली घेतल्यास किंवा पाट्यांखाली योग्य कोनाची पाचर बसवल्यास थरथर जाते. पाट्यांखाली उंचीसाठी ठोकळे मात्र घालू नयेत, कारण त्यामुळे जोर लावताना अ‍ॅक्सल पिळला जाऊन पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वाकतात.

हेडलाइटचा झोत काम झाल्यावर पुन्हा जुळवावा, आणि तो रोजच्या भारावर जुळवावा. आणखी एक: आपले २,७५० किलोग्रॅम मर्यादेच्या आत आहेत, ही चांगली गोष्ट आहे. नव्या पाट्यांवर गाडी ताठ उभी राहिली, तरी पट्टीवरील ३,०५० ही मर्यादा तीच राहते, कारण ती ब्रेक, अ‍ॅक्सल, बेअरिंग, चाके आणि चॅसी या सर्वांवरून ठरलेली असते.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर

सर्वांचे मनापासून आभार. गाडीखाली जाऊन पाहिले; भारानुसार चालणारी झडप आहे, आणि तिची दांडी लांबी बदलता येण्याजोगी आहे. वळ्यांच्या रस्त्यावरून येऊन तापमानही मोजले. उजव्या बाजूचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर चांगलाच तापलेला होता, तर डावा बाहेरच्या हवेपेक्षा किंचितच गरम होता, तेव्हा दुसऱ्या उत्तरातील अंदाज खरा ठरला. स्पेसर आणि पिशव्या यांचा विचार सोडला आहे. २४० किलोग्रॅम कायम भारासाठीचे पाटे, पुढे बंपरच्या भाराची मध्यम स्प्रिंग आणि त्यांना जुळवलेले फोमच्या पेशीचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर असा संच मागवत आहे. मागचे काम घरी करून स्ट्रट कार्यशाळेत नेईन.

एक शंका उरते. पाट्यांच्या मध्ये ग्रीस लावावे का?

तिसऱ्या उत्तराच्या लेखकाकडून

नव्या संचात पाट्यांच्या टोकांशी प्लास्टिकच्या घर्षणरोधक चकत्या असतील, तर काहीही लावू नये. ग्रीसला धूळ आणि वाळू चिकटते आणि ती पाटे घासून काढते. चकत्या नसतील, तर पाटे जोडण्यापूर्वी टोकांशी ग्रॅफाइटचा कोरडा पातळ थर द्यावा. शॅकलच्या पिनला ग्रीस निपल असेल, तर तेथे मात्र ग्रीस अवश्य द्यावे, आणि पाण्यातून किंवा चिखलातून आल्यानंतर जुने बाहेर पडेपर्यंत पुन्हा द्यावे.